नांदूरमध्यमेश्वर वीतभर पाण्यावर उभे आहे

प्रति,
वन विभाग (वन्यजीव), जलसंपदा विभाग व पर्यटन संचालनालय यांचे नाशिकमधील अधिकारी, आणि जलाशयाकाठच्या सर्व ग्रामपंचायती

सप्रेम नमस्कार.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट, पूल यांची कामे चालू आहेत. रामकुंड आणि त्र्यंबक झाल्यावर पाहुण्याला आणखी काय दाखवायचे, असा प्रश्न निघाला की नांदूरमध्यमेश्वरचे नाव हमखास येते. शहरापासून गाडीने तास-सव्वा तास, १९८६ पासूनचे पक्षी अभयारण्य, राज्यातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. नाव यायलाच हवे. मात्र त्यामागोमाग ज्या मागण्या कानावर येतात त्या ऐकून धडकी भरते: बोटिंग सुरू करा, गाळ काढून तळे खोल करा, काठाने काँक्रीटचा रस्ता करा, रात्री दिवे लावा. मागणारे वाईट हेतूने मागत नाहीत. इथले पाणी किती उथळ आहे आणि ते उथळ असण्यातच सगळे काही आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ते सांगायला हे पत्र.

इथला प्रत्येक पक्षी आपल्या पायाच्या आणि चोचीच्या मापाने पाणी निवडतो. पाणी नुकतेच ओसरलेल्या ओल्या चिखलावर टिलवे आणि चिखले पळतात. घोटाभर पाण्यात शेकाटे आणि तुतारी. वीतभर पाण्यात चमच्या आपली चपटी चोच विळ्यासारखी डावी-उजवीकडे फिरवत चालतो, चित्रबलाक अर्धवट उघडी चोच बुडवून मासा तिला लागण्याची वाट पाहतो. हातभर पाण्यात थापट्या आणि तलवार बदक. ही बदके बुडी मारत नाहीत, शेपटी आकाशाकडे करून डोके खाली घालतात, म्हणून मान पोहोचेल तेवढाच तळ त्यांच्या उपयोगाचा. त्याहून खोल पाण्यात लालसरी, शेंडी बदक आणि पाणकावळे, म्हणजे बुडी मारणारे. थोडक्यात, तळे आणखी दोन हात खोल केले तर वर सांगितलेल्या यादीतली शेवटची ओळ तेवढी उरेल. बाकीचे पक्षी मेलेले दिसणार नाहीत. ते नुसते येणार नाहीत.

हे उथळपण कोणी ठरवून केलेले नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दगडी बंधारा बांधला गेला. तो साठवणीसाठी नव्हताच. १९१६ साली पूर्ण झालेल्या दारणा धरणातून येणारे पाणी इथे अडवायचे आणि गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचे, एवढेच त्याचे काम. निफाडपासून कोपरगाव-राहात्यापर्यंतचा ऊस त्या पाण्यावर वाढला. मात्र दोन नद्यांचे पाणी जिथे मंदावते तिथे त्या ओझे खाली टाकतात. शंभर वर्षे दरसाल पुराबरोबर माती आली आणि बंधाऱ्याच्या मागे बसत गेली. बेटे झाली, त्यांवर पाणकणीस आले, मधल्या खोलगट जागांत पाणी राहिले. आज धरणसाठ्याच्या तक्त्यात नांदूरमध्यमेश्वरची क्षमता २५७ दशलक्ष घनफूट लिहिलेली असते. त्याच तक्त्यात गंगापूर धरण ५,६३० वर आहे. म्हणजे जेमतेम बाविसावा भाग. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जो तोटा, तोच पक्ष्यांच्या हिशेबात मुद्दल.

म्हणूनच गाळाचा प्रश्न नाजूक आहे, आणि तो आम्ही टाळणार नाही. चांदोरी आणि सायखेडा या गावांनी २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर पाहिलेत. बंधाऱ्यामागे गाळ साठल्याने पाण्याचा फुगवटा आमच्या घरांत शिरतो, हे तिथल्या लोकांचे म्हणणे आहे, आणि त्यांना "पक्ष्यांसाठी सोसा" असे सांगणे हा उद्धटपणा होईल. पण पुरासाठी गाळ काढणे आणि साठवण वाढवण्यासाठी गाळ काढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुराला वाट हवी असते, म्हणजे नदीचा मुख्य प्रवाह, सलग आणि मोकळा. तेवढा पट्टा आखून, एप्रिल-मेमध्ये, पाणी खाली असताना गाळ उचलता येतो. त्यासाठी बाजूच्या पसरट दलदलीला, बेटांना आणि उतरत्या काठांना हात लावण्याचे कारण नाही. पोकलेन चालवणाऱ्याला मात्र हे आपोआप कळत नाही. त्याला ट्रॉल्या मोजून पैसे मिळतात आणि काठाचा गाळ काढायला सर्वांत सोपा. नको तेच पहिले होते: काठ उभा कापला जातो. उभ्या काठाला ना चिखल राहतो, ना घोटाभर पाणी. एकदम छातीभर खोली. शिवाय तिथे माणसे आणि जनावरे घसरून पडतात ती वेगळीच. म्हणून काम काढाल तेव्हा खुंट्या रोवून हद्द दाखवा. आणि जिथे काठ कापावाच लागेल तिथे एक फूट खाली जायला निदान दहा फूट आडवे, इतका तरी उतार ठेवा, अशी अट निविदेतच घाला.

आता आवर्तनाकडे, म्हणजे कालव्यांना पाळीने पाणी सोडण्याकडे. स्थलांतरित बदके ऑक्टोबरच्या मध्यापासून उतरू लागतात, मार्चअखेर परततात. नेमक्या याच काळात रब्बीची आवर्तने सुटतात. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला पुरेसा साठा नसेल तर समन्यायी वाटपाचे, म्हणजे वरच्यांनी खालच्या जायकवाडीला द्यायचे पाणीही वरच्या धरणांतून याच बंधाऱ्यावरून खाली जाते. २०२३ साली असे पाणी नोव्हेंबरच्या अखेरीस सोडले गेले. अभयारण्यात त्या वेळी काय दिसते? काल जिथे दोनशे चमचे-शेकाटे उभे होते तिथे आज नुसते पाणी. शनिवारी सकाळी पुण्या-मुंबईहून आलेला माणूस मनोऱ्यावर चढतो, राखी बगळे आणि पाणकावळे पाहतो, आणि "इथे काहीच नाही" असे म्हणून परत जातो. पक्षी गेलेले नसतात. वरच्या अंगाला, नव्याने भिजलेल्या शेतांच्या कडेला, पाच-सात किलोमीटरवर पांगलेले असतात. पाणी उतरू लागले की दोन-चार दिवसांत परत येतात, आणि तेव्हा तर उघड्या पडलेल्या ताज्या चिखलावर सर्वांत चांगले दिवस असतात.

शेतकऱ्याच्या हक्काचे पाणी कमी करा, असे आम्ही म्हणत नाही. एक थेंबही जादा मागत नाही. मागणी इतकीच: पाण्याची चढ-उतार सांगून होऊ द्या आणि जमेल तेवढी सावकाश होऊ द्या. बंधाऱ्याची पातळी जलसंपदा विभाग रोज नोंदवतोच. तोच आकडा अभयारण्याच्या चापडगाव येथील प्रवेशद्वारावरच्या फळ्यावर सकाळी सातपूर्वी खडूने लिहिला जावा, आणि त्याखाली पुढच्या आवर्तनाची तारीख. मनोऱ्यासमोरच्या पाण्यात फूट-इंचांची रंगवलेली एक पट्टी उभी करा. दोन हिवाळ्यांच्या नोंदी साठल्या की कोणत्या पातळीला कोणत्या मनोऱ्यासमोर काय दिसते ते कोणीही सांगू शकेल. भरतपूरचे केवलादेव हेही माणसाने बांध घालून घडवलेले पाणथळ. पांचना धरणाच्या वादात त्याचे पाणी अडले तेव्हा नाव, कुंपण, जागतिक वारशाचा फलक सगळे जागेवर असून तळी कोरडी पडली होती. नांदूरमध्यमेश्वरला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणताना एवढे लक्षात असावे.

बोटिंगबद्दल फार लिहीत नाही. मोटरबोटीच्या पंख्याला पाणकणीस आणि जलपर्णी गुंडाळली जाते, तळाचा गाळ ढवळतो, गढूळ पाण्यात बगळ्यालाच काय, माशालाही दिसत नाही. आणि बदके बोट जवळ येण्याच्या कितीतरी आधी, आवाजावरच, उठतात. ज्याला पाण्यावर फिरायचे आहे त्याच्यासाठी गंगापूर धरणाचा विस्तार आहे, बोट क्लबही तिथेच उभारला गेला. तिथेही काठ उन्हाळ्यात बराच आत सरकतो, त्यामुळे धक्का तरंगता हवा, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.

जलपर्णी मात्र थोडक्यात आटोपता येणार नाही. नाशिक शहरातून येणाऱ्या सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद हे तिचे खत आहे. ते थांबत नाही तोवर इथे कितीही उपसली तरी पुढच्या वर्षी ती हजर. अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो, आणि बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. तरी काढावी लागतेच, मग नीट काढावी. जांभळी फुले धरण्यापूर्वी. उपसलेला ढीग पूररेषेच्या बाहेर न्यावा. काठावर टाकला तर पहिल्या पुरात तो जिवंतपणी परत पाण्यात जातो, हे गावकऱ्यांना पाठ आहे. बिल वजनावर काढू नये. ओल्या जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते, दहा ट्रॉल्या वाळल्या तर एक भरणार नाही. किती क्षेत्र मोकळे झाले ते मोजून पैसे द्यावेत. आणि वेळ: नोव्हेंबर ते मार्च यंत्र पाण्यात उतरवू नये, जूनपासून पुढेही नको. पावसाळ्यात जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी तरंगत्या वनस्पतींवर आणि पाणकणसात अंडी घालतात. उरतात एप्रिल आणि मे. सगळे चकचकीत साफ करण्याचा मोहही आवरावा. आतल्या बाजूचे काही पट्टे राहू द्यावेत. फोटोत ते छान दिसत नाहीत, हे मान्य.

आता पाहणाऱ्यांची सोय. मनोरा उंच बांधण्याकडे कल असतो, कारण उंच मनोरा उद्घाटनाला शोभतो. पक्षी पाहायला तो फारसा उपयोगी नाही. आकाशावर माणसांच्या आकृत्या ठळक उमटतात आणि पक्षी लांब सरकतात. त्यापेक्षा जमिनीलगतचा, तिन्ही बाजूंनी बंद, आडव्या फटींचा आडोसा स्वस्तात होतो. फटी दोन उंचींवर हव्यात: उभ्या माणसाच्या डोळ्यांसाठी साधारण पावणेपाच फुटांवर, आणि मुलांसाठी व चाकाच्या खुर्चीसाठी साडेतीन फुटांवर. सहलीच्या मुलांना वरच्या फटीतून दिसत नाही, म्हणून ती बाहेर पळतात, आणि थवा उडतो. दोष मुलांचा नाही, सुताराचा. आडोशापर्यंतची शेवटची शंभर पावले बांबूच्या तट्ट्यांनी झाकलेली असावीत. नाहीतर आडोशात शिरेपर्यंतच सगळे पक्षी सावध झालेले असतात. छपराला पत्रा नको, गवत घाला. दुपारी पत्रा तडतडतो.

पक्षीनिरीक्षणाला पहाटे पाचला नाशिक सोडा, असे सर्रास सांगितले जाते. डिसेंबर-जानेवारीत हा सल्ला अर्धा चुकीचा आहे. निफाड हे राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांत मोडते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले आकडे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतात ते उगाच नव्हेत. अशा सकाळी पाण्यावर धुके बसते आणि सूर्य वर येईपर्यंत पन्नास फुटांपलीकडचे दिसत नाही. मग साधारण आठ ते दहा हा उत्तम वेळ. दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते. तेव्हा साठ पट मोठे दाखवणारी दुर्बीणही नुसती लाटच मोठी करून दाखवते. दुपारी चारनंतर उजेड पुन्हा बसतो. ही वेळ तिकिटावर छापा. सकाळच्या तिकिटावरच संध्याकाळी पुन्हा आत सोडलेत तर माणूस दुपारी गावात जेवेल, आणि गावाला चार पैसे मिळतील.

तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणी गाइडांकडे असाव्यात, आणि मनोऱ्यावर एका वेळी पंधराच माणसे. आठ पट मोठे दाखवणारी, आठ बाय बेचाळीसची साधी दुर्बीण भाड्याने मिळावी. दहा पटीची नवख्याच्या हातात हलते. गाइडचा दर फलकावर असावा. आणि फलकांवरचा रोहित पक्ष्यांचा भलामोठा फोटो उतरवा. रोहित येतात, पण दरवर्षी नाही, आणि आले तरी मुक्काम किती ते त्यांचे ते जाणोत. त्याऐवजी चक्रवाक लावा, जांभळी पाणकोंबडी लावा. हमखास दिसणारा पक्षी फोटोत असला की आलेल्याची निराशा होत नाही. हिवाळ्यात कापणी झालेल्या शेतांत क्रौंच उतरतात, त्यांच्यासाठी मनोरा लागतच नाही. पण शेतात शिरण्याआधी मालकाला विचारायचे असते, हे शहरातल्या माणसाला फलकावर लिहूनच सांगावे लागते. जाता जाता: संध्याकाळी उसाच्या फडालगत पायी फिरू नये, हेही लिहा. निफाड तालुक्यात बिबटे आहेत.

दुपारच्या रिकाम्या वेळेसाठी इथे इतिहास आहे आणि तो कोणी सांगत नाही. नदीकाठची मध्यमेश्वर आणि मृगव्याधेश्वर ही देवळे; रामाने मृगरूपी मारीचावर बाण सोडला तो इथून, अशी दुसऱ्या देवळाची कथा. नाशिकला सीताहरणाची जागा बघून आलेल्या भाविकाला त्या कथेचा आधीचा धागा इथे सापडतो. गोदावरीच्या जुन्या गाळाच्या थरांत अश्मयुगीन दगडी हत्यारे आणि आज नामशेष झालेल्या हत्ती-रानबैलांची हाडे मिळाली आहेत. ज्या गाळाच्या नावाने सगळे खडे फोडतात, त्याच्याच खालच्या थरांची ही गोष्ट. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८४२ साली निफाडला जन्मले. आणि तो दगडी बंधारा स्वतःच पाहण्यासारखा आहे, पण त्याचे वर्ष, काम, कालवे कुठे जातात, यावर एक धड फलक नाही. एका फलकाचा खर्च तो किती. पावसाळ्यात विसर्ग चालू असताना मात्र बंधाऱ्याजवळ कोणाला सोडू नका. वरून पाणी वाढते ते खाली उभ्या माणसाला वेळेवर कळत नाही.

रस्ता. हिवाळा हा गळीत हंगामही असतो. चांदोरी-सायखेड्याच्या बाजूने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालू असतात, मागे दिवा नसलेले बरेच. पन्नास आसनी बस समोरून आली की दोघेही अडकतात. शाळांच्या सहलींना छोट्या बस सांगा आणि आठवड्याचे वार वाटून द्या. एकाच शनिवारी बऱ्याच शाळा आल्या तर दिसते फक्त शाळा.

शेवटी संक्रांत. जानेवारीच्या मध्यात येवल्याला तीन दिवस पतंगांचा उत्सव असतो, नाशिक शहरातही आकाश भरलेले असते, आणि नेमका तोच पक्ष्यांच्या गर्दीचा काळ. संध्याकाळी थवे शेतांवरून पाण्याकडे परततात तेव्हा तुटून बाभळींना लोंबणारा नायलॉन मांजा त्यांना दिसत नाही. नायलॉन मांज्यावर बंदी आहेच, तरी तो येतो. उत्सवाला आमचा विरोध नाही. येवल्याची हलकडी वाजली नाही तर संक्रांत कसली. पण १७ जानेवारीला सकाळी काठावरच्या प्रत्येक गावातून दहा-दहा पोरे, हातात आकडी लावलेली बांबूची काठी, आणि बाभळी व विजेच्या खांबांच्या आसपासचा मांजा गोळा, एवढे ग्रामपंचायती करू शकतात. तारांवरचा मांजा मुलांनी काढू नये; त्यासाठी वायरमनला आधी सांगून ठेवावे. ड्रोनसाठी तर वेगळा नियम नको, आहे तोच पाळा: अभयारण्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही. बदकांना ड्रोन घारीसारखा वाटतो, एक ड्रोन अख्खे तळे उठवतो. लग्नाआधीचे फोटो काढायला येणाऱ्यांना हे प्रवेशद्वारावरच सांगितले तर पुढचा वाद टळतो.

यातले बहुतेक बिनखर्चाचे आहे. जलसंपदा, वन्यजीव आणि ग्रामपंचायती यांची एक बैठक दरवर्षी १५ ऑक्टोबरनंतर लगेच, जायकवाडीचा आणि रब्बीचा हिशेब ठरला की, चापडगावलाच व्हावी. कालवा सल्लागार समितीने ठरवलेल्या तारखा तिथे वाचून दाखवाव्यात. खडू आणि फळा यांची सोय आम्ही करतो.

कळावे,

आपले,
गोदाकाठी पक्षी पाहणारे आणि दाखवणारे,
नाशिक